मका चुन्यात शिजवायची रीत: अ‍ॅझ्टेक लोकांचा स्वयंपाक आपल्या घरी, पायरीपायरीने

मका, मिरची, टोमॅटो, राजमा, लाल भोपळा, चिकू, राजगिरा हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलं हे आता बऱ्याच जणांना माहितीये, पण एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही की मका आला आणि मका खायची रीत मात्र तिकडेच राहिली. ज्या लोकांनी मका हजारो वर्षं खाल्ला ते तो कधी नुसता दळून खात नव्हते, आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर भिजत ठेवायचे, मग धुऊन ओलाच पाट्यावर वाटायचे. आपल्याकडे चुना होता, पाटा-वरवंटा होता, तवा होता, भाकरी थापणारे हात होते, फक्त मक्याची आणि चुन्याची गाठ कुणी घालून दिली नाही. मला ही गोष्ट कळली तेव्हा खरंच हळहळ वाटली. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय, वाचून सोडून देऊ नका, एकदा तरी करून बघा.

आधी थोडी ओळख. ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणायचे, त्यांची भाषा नाहुआट्ल, आणि राजधानी टेनोच्टिट्लान, जी १३२५ च्या सुमारास टेश्कोको तळ्यातल्या बेटावर वसली आणि १३ ऑगस्ट १५२१ ला स्पॅनिश सरदार कोर्तेसच्या हाती पडली. आजची मेक्सिको सिटी त्याच जागेवर उभी आहे. नाहुआट्ल शब्द आपण रोज वापरतो, टोमॅटो हा त्यांचा तोमात्ल, चिया म्हणजे चियान, अ‍ॅव्होकाडो म्हणजे आवाकात्ल, आणि चिकूचं नावसुद्धा त्यांच्या शिकोत्सापोत्ल वरून फिरत फिरत आलेलं आहे.

तळ्यातलं शहर म्हटल्यावर शेती कुठे करायचे हा प्रश्न येतो. उथळ पाण्यात गाळ आणि पाणवनस्पतींचे थर रचून लांबट वाफे तयार करायचे, काठाला विलोची झाडं लावायचे म्हणजे मुळांनी माती धरून ठेवली जाते, त्याला चिनाम्पा म्हणतात. बरेच लोक ‘तरंगती शेती’ म्हणतात पण हे वाफे तरंगत नाहीत, तळाला टेकलेले असतात. बाजूच्या कालव्यातला गाळ उपसून परत वर टाकला की खत झालं, ओल कायम, त्यामुळे वर्षात अनेक पिकं निघायची. सोचिमिल्को भागात असे चिनाम्पा आजही आहेत आणि १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

सामान काय लागेल, आणि काय मुद्दाम वगळायचं

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मक्याचे वाळलेले दाणे. स्वीट कॉर्न चालत नाही, पॉपकॉर्नचा मका तर अजिबात नको. मी पहिल्या वेळी घरात होता म्हणून पॉपकॉर्नचाच मका घेतला होता, दोन तास उकळला तरी आतून खडा तो खडाच, मिक्सरमध्ये रवाळ चुरा झाला आणि सगळं वाया गेलं. धान्याच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात जो साधा पिवळा किंवा पांढरा मका मिळतो, दाण्याच्या डोक्यावर थोडा खळगा असतो, तो घ्या. पांढरा मिळाला तर उत्तम, चव सौम्य येते. बियाण्याच्या पाकिटातला मका खायला वापरू नका, त्याला औषध लावलेलं असतं.

दुसरं म्हणजे चुना. पानाला लावतात तो खाण्याचा चुना, बिनवासाचा, बिनरंगाचा, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसावं. रासायनिक नाव कॅल्शियम हायड्रॉक्साइड. भिंतीला लावायचा चुना नको कारण त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. आणि कळीचा चुना तर बिलकुल नको, पाणी लागलं की तो उकळतो आणि भाजतो.

मग काळा किंवा लाल राजमा. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा मिळाला तर तोच घ्या, तोही त्याच कुळातला आहे, मेक्सिकोतल्या घेवड्याचा लांबचा भाऊच म्हणा. लाल भोपळा आणि त्याच्या बिया, टोमॅटो, सुक्या लाल मिरच्या (कमी तिखट हवं तर ब्याडगी), हिरवी मिरची, मीठ, राजगिरा, मध, चिया.

आता वगळायचं काय. कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरं, लिंबू, साखर, दालचिनी, तांदूळ, गहू, चीज, दूध, बीफ, पोर्क, चिकन यातलं काहीच मेशिकांकडे नव्हतं, हे सगळं स्पॅनिश लोकांबरोबर आलं. आज हॉटेलात मेक्सिकन म्हणून जे खातो त्यातला अर्ध्याहून जास्त भाग नंतरचा आहे. तेलात तळणं पण त्यांच्याकडे जवळपास नव्हतंच, भाजणं, उकडणं आणि वाफवणं एवढंच. तुम्ही कांदा घालून खाल्लंत तर काही बिघडत नाही पण पहिल्यांदा तरी न घालता करा, मका आणि मिरचीची स्वतःची चव किती भरलेली आहे ते तेव्हाच कळतं.

पायरी १: निश्तामाल, म्हणजे चुन्यात शिजवलेला मका

निश्तामाल या शब्दात नेश्त्ली म्हणजे राख आहे आणि तामाली म्हणजे मक्याचं शिजवलेलं पीठ. म्हणजे कधीतरी लाकडाच्या राखेनेही हेच काम होत असणार. ही रीत मेशिकांची स्वतःची नाही, त्यांच्या आधी अडीच हजारांहून जास्त वर्षांपासून चालत आलेली आहे, ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर इ. स. पू. १५०० ते १२०० च्या सुमाराच्या खुणा मिळाल्या आहेत.

अर्धा किलो मका घ्या, निवडून दोन पाण्यांनी धुवा, तरंगणारे पोकळ दाणे काढून टाका. मोठं स्टीलचं पातेलं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं घेऊ नका कारण चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. त्यात दीड लिटर पाणी. चुना मक्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का लागतो, म्हणजे अर्ध्या किलोला कोरडी पूड असेल तर ५ ग्रॅम, आणि पानवाला देतो तसा ओला चुना असेल तर त्यात निम्मं पाणीच असतं म्हणून १० ग्रॅम धरा. वजनकाटा असेल तर तोच वापरा, अंदाजाने जास्त पडला तर मक्याला साबणासारखी चव येते. चुना आधी वाटीभर पाण्यात कालवा, मग पातेल्यात ओता. हाताला जखम असेल तर लांब राहा, डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलांना या पायरीला जवळ घेऊ नका.

मका घालून मोठ्या आचेवर उकळी आणा. थोड्याच वेळात पाणी पिवळंधमक होतं आणि एक वास सुटतो, पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा, त्यात कणसाचा गोडपणा. मग आच बारीक करा आणि अर्धा ते पाऊण तास मंद उकळू द्या. वीस मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी एक दाणा काढून थंड पाण्यात धुवा आणि दोन बोटांत चोळा, साल सुटून चिकट पापुद्र्यासारखी हातात आली की झालं. दाणा दाताने तोडून बघा, मधे खडूसारखा पांढरा ठिपका राहिलेला हवा. पूर्ण मऊ झाला तर जास्त झालं, पीठ गिचका होईल.

गॅस बंद, झाकण, आणि तसंच त्याच पाण्यात रात्रभर, आठ ते बारा तास. ही वेळ वाचवायचा प्रयत्न करू नका, खरं काम या मुक्कामातच होतं. सकाळी ते पिवळं पाणी ओतून टाका, कुंडीत घालू नका, झाडांना ते सोसत नाही. मका दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, बऱ्याचशा साली निघून जातील, अगदी प्रत्येक साल काढत बसायची गरज नाही, थोडी राहिली तर पीठ चांगलं बांधलं जातं.

हे सगळं कशासाठी, तर दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. एक तर मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अशा रूपात अडकलेलं असतं की शरीराला ते घेताच येत नाही, चुन्याने ते मोकळं होतं, वर कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, आणि जिथे गरीब लोक फक्त मक्यावर जगायला लागले तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला, कातडी सोलवटणं, जुलाब, वेड लागणं आणि शेवटी मरण. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्ये त्याचं वर्णन केलं, उत्तर इटलीत पिढ्यानपिढ्या लोक त्यात गेले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसं मेली आणि जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे दाखवेपर्यंत लोक जंतूच शोधत बसले होते. मेक्सिकोतली बाई हे सगळं होण्याच्या तीन हजार वर्षं आधीपासून रोज रात्री मका चुन्यात घालत होती. तिला जीवनसत्त्वाचं नाव माहीत नव्हतं पण काम माहीत होतं.

दुसरं कारण आपल्या भाकरी करणाऱ्यांना लगेच पटेल. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, गरम पाणी घालून मळावं लागतं तरी तडे जातात. चुन्याने दाण्याच्या पेशींच्या भिंती सैल होतात, त्यातून डिंकासारखा चिकटपणा येतो आणि पीठ लवचिक होतं, दुमडली तरी मोडत नाही अशी पोळी होते.

पायरी २: वाटणं

नाहुआट्लमध्ये पाट्याला मेत्लात्ल म्हणायचे, आज मेताते. काळ्या ज्वालामुखीच्या दगडाचा, तीन पायांचा, उतरता, आणि वरवंटा पाट्याच्या रुंदीपेक्षाही लांब. बाई गुडघे टेकून पुढे वाकून वाटायची, पहाटे उठून, रोज, कित्येक तास. स्पॅनिश विजयानंतर वीसेक वर्षांत काढलेल्या एका चित्रहस्तलिखितात मुलांना कोणत्या वयात काय शिकवायचं ते दाखवलंय, त्यात १३ वर्षांची मुलगी पाट्यावर मका वाटतेय आणि पोळ्या भाजतेय. त्याच चित्रांत जेवणाचं मापही आहे, ३ वर्षांच्या मुलाला अर्धी पोळी, ४ आणि ५ व्या वर्षी एक, ६ पासून दीड, आणि १३ व्या वर्षापासून दोन.

तुमच्याकडे पाटा असेल तर थोडा मका तरी त्यावर वाटून बघा, चव वेगळी येतेच. नाहीतर इडलीचा वेट ग्राइंडर सगळ्यात चांगला. मिक्सर असेल तर एका वेळी वाटीभरच दाणे, दोन-तीन चमचे पाणी, आणि थांबून थांबून फिरवा, एकदम लावलात तर भांडं तापतं आणि पीठ शिजल्यासारखं होतं. पहिल्या फेरीत रवाळ राहतं, परत एकदा फिरवा. पाणी जितकं कमी तितकं बरं. चुकून सैल झालंच तर चमचा-दोन चमचे मक्याचं कोरडं पीठ घाला.

परातीत काढून पाच मिनिटं मळा, मीठ या पिठात घालायची पद्धत नाही, मीठ चटणीत असतं. ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं झाकून ठेवा. मग लिंबाएवढी गोळी तळहातात दाबून बघा, कडेला तडे गेले तर पाण्याचा हात लावून परत मळा, हाताला चिकटली तर उघडी ठेवून थोडी सुकू द्या. अर्ध्या किलो मक्यात पाऊण ते एक किलो पीठ होतं, म्हणजे पंचवीस-तीस छोट्या पोळ्या आरामात.

पायरी ३: त्लाश्काली, म्हणजे ज्याला स्पॅनिश लोक टॉर्टिया म्हणायला लागले

तीस ग्रॅमची गोळी घ्या. त्या काळच्या बायका दोन्ही हातांवर फिरवत फिरवत थापायच्या, अगदी आपल्याकडे गावात बायका पाण्याच्या हाताने भाकरी हातावर थापतात तशा. दाबायचं यंत्र नंतरचं आहे. जमत नसेल तर दुधाची पिशवी कापून धुऊन तिचे दोन तुकडे करा, मधे गोळी ठेवा आणि सपाट बुडाच्या ताटलीने सरळ दाब द्या. पुरीपेक्षा मोठी, फुलक्यापेक्षा लहान, आणि जाडी साधारण दोन मिलिमीटर.

तवा मातीचा असेल तर फार छान, कारण त्यांचा कोमाली मातीचाच, तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेला, आणि पोळी चिकटू नये म्हणून त्यावर चुन्याच्या पाण्याचा हात फिरवलेला. चुलीचे तीन दगड तिकडेही पवित्र, घरचा अग्निदेव त्यात राहतो अशी समजूत. लोखंडी तवाही चालतो, नॉनस्टिकवर नीट फुगत नाही. तवा चांगला तापवा, तेल काहीही नाही. पोळी टाका, वीस सेकंद, कडा सुटायला लागल्या की उलटा, दुसरी बाजू एक मिनिट, तपकिरी ठिपके आले की परत उलटा आणि मधोमध बोटांनी हलकं दाबा, आता फुगायला पाहिजे. फुगली नाही तर एकतर पीठ कोरडं आहे किंवा तवा थंड आहे, बहुतेक वेळा पीठच कोरडं असतं. काढून फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवा, दहा मिनिटं स्वतःच्या वाफेत मुरल्या की मगच खऱ्या मऊ होतात, तव्यावरून लगेच खाल्ल्यात तर कडक वाटतील.

पायरी ४: चटणी

यात फार काही नाही पण हीच जेवणाची जान. त्यांचा खलबत्ता म्हणजे मोल्काहेते, तीन पायांचा दगडी वाडगा, आतून खरखरीत. तव्यावर तीन टोमॅटो आणि दोन हिरव्या मिरच्या काळे डाग पडेपर्यंत भाजा, दोन सुक्या मिरच्या मात्र दहाच सेकंद, जळल्या की कडू होतात. आधी मिरच्या आणि मीठ कुटा, मग टोमॅटो घालून चेचा. झाली. आमच्याकडची भाजलेल्या टोमॅटोची चटणी वेगळी काय असते, फक्त लसूण आणि जिरं नाही एवढंच. मेशिका लोक यात कागदी वेष्टनातले हिरवे तोमातेही वापरायचे, ते इथे सहसा मिळत नाहीत, त्याऐवजी कच्चे आंबट हिरवे टोमॅटो भाजून घ्या.

दुसरी चटणी भोपळ्याच्या बियांची, ही मला जास्त आवडते. मूठभर सोललेल्या बिया मंद आचेवर टपटप फुगेपर्यंत भाजा, थंड करून कुटा, त्यात वरची टोमॅटो-मिरचीची चटणी मिसळा आणि थोडं पाणी घालून पाच मिनिटं शिजवा. दाट, खमंग, शेंगदाण्याच्या आमटीची आठवण येते. अ‍ॅव्होकाडो मिळाला तर मीठ, मिरची आणि टोमॅटो घालून चेचा, आवाकामोली म्हणजे हाच, ज्याला आता ग्वाकामोले म्हणतात.

पायरी ५: घेवडा

राजमा किंवा वाघ्या घेवडा रात्री भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात शिजवा. कुकर असेल तर प्रश्नच नाही, उघड्या भांड्यात करणार असाल तर सुरुवातीची दहा मिनिटं खळखळ उकळवा कारण कच्च्या राजम्यातला विषारी अंश त्यानेच जातो, मग मंद आचेवर मऊ होईपर्यंत. मीठ शेवटी, एक सुकी मिरची अख्खी टाका, फोडणी नाही. पातळसर रस्सा ठेवा आणि पोळी बुडवून खा. मक्याच्या प्रथिनांत जे कमी असतं ते घेवड्यात असतं, म्हणून ही जोडी, आपल्या वरणभातासारखीच.

पायरी ६: तामाली

सण असला की तामाली हवेच. मक्याच्या कणसाची पानं वाळवून ठेवा, पावसाळ्यात भुट्टे घेता तेव्हा बाहेरची रुंद पानं फेकू नका, सावलीत वाळवली की वर्षभर टिकतात. वापरायच्या आधी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. पीठ थोडं रवाळ ठेवा, मीठ आणि घेवड्याचं कोमट पाणी घालून हाताने फेटत फेटत इडलीच्या पिठापेक्षा घट्ट असं करा. आजच्या तामालीत डुकराची चरबी घालतात, पण डुक्कर स्पॅनिशांबरोबर आलं, म्हणून जुन्या पद्धतीचे तामाली जरा भरीव होतात, ते तसेच असू द्या. पानावर पीठ पसरा, मधे घेवडा आणि चटणी, किंवा राजगिऱ्याची पालेभाजी मिरची घालून. हे शेवटचं सारण तर थेट त्यांच्या इझ्काली नावाच्या सणातलं आहे, त्या दिवशी राजगिऱ्याच्या पाल्याचे तामाली करून एकमेकांना वाटायचे. पान दुमडा, मोदकपात्रात उभे रचा आणि पाऊण ते एक तास वाफवा, पानापासून पीठ सुटून आलं की झाले. कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी केल्यात त्यांना यात नवीन काहीच शिकायचं नाही.

या तामालीबद्दलची एक प्रथा मला विसरता येत नाही. दर आठ वर्षांनी ते सात दिवसांचा उपास करायचे, त्यात फक्त पाण्यात शिजवलेले फिके तामाली, मीठ नाही, मिरची नाही, चुनासुद्धा नाही. कारण काय, तर मक्याला विश्रांती द्यायची. एरवी आपण त्याला चुना, मीठ, मिरची लावून छळतो, म्हणून थोडे दिवस त्याला शांत राहू द्यायचं. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने सोळाव्या शतकात तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून अशा पुष्कळ गोष्टी त्यांच्याच भाषेत लिहून ठेवल्या. मका मडक्यात टाकण्याआधी बाई त्यावर फुंकर घालायची, म्हणजे त्याला आगीची भीती वाटू नये. जमिनीवर सांडलेला दाणा दिसला की उचलायचाच, नाहीतर तो देवाकडे आपली तक्रार करेल. आमच्या आजीने पानात टाकलेल्या भाताच्या शितावरून आम्हाला जे ऐकवलं ते हेच होतं.

आणि ही भीती पोकळ नव्हती. १४५० नंतरच्या काही वर्षांत थंडी आणि दुष्काळाने पिकं गेली, १४५४ मध्ये, त्यांच्या पंचांगात ‘एक ससा’ नावाचं वर्ष होतं ते, लोकांनी किनाऱ्याकडच्या तोतोनाक लोकांना आपली पोटची पोरं मक्याच्या बदल्यात दिली. दाण्याला जपायचं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं.

पायरी ७: राजगिरा

हे पीक म्हणजे आपला आणि त्यांचा खरा धागा. राजगिरा म्हणजे त्यांचा वाउत्ली, मका आणि घेवड्यासोबत राजाला कर म्हणून पोत्यांनी भरला जायचा. त्याच्या भाजलेल्या पिठात घायपाताच्या कुळातल्या माग्वेचा काळा पाक कालवून त्सोआली नावाची कणीक करायचे आणि तिच्या देवांच्या मूर्ती घडवायचे, पूजा झाली की मूर्ती मोडून प्रसादासारखी वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्याच धर्मविधीची विटंबना दिसली आणि त्यांनी ही प्रथा दडपली, त्यात राजगिऱ्याची शेतीही खूप मागे पडली. तेच धान्य इकडे आलं आणि आपण ते उपासाला चालतं म्हणून देवघराजवळच ठेवलं, याचं मला फार नवल वाटतं.

कढई चांगली तापवा, एका वेळी एकच चमचा राजगिरा, फडक्याच्या बोळ्याने फिरवत राहा, पाच-सहा सेकंदात लाह्या फुटतात, लगेच काढा. वाटीभर लाह्यांना पाव वाटी मध मंद आचेवर फेस येईपर्यंत गरम करून मिसळा, मूठभर भोपळ्याच्या भाजलेल्या बिया घाला, ताटात थापा, वड्या पाडा. मेक्सिकोत याला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद, आणि सोचिमिल्कोजवळचं तुल्येवाल्को हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. गुळाच्या पाकात केलेत तर राजगिऱ्याची चिक्कीच.

पेयं, थोडक्यात

सकाळचं पोटभरीचं म्हणजे आतोली. दोन मोठे चमचे ओलं पीठ दोन पेले पाण्यात कालवा, गाळा, ढवळत ढवळत दहा-बारा मिनिटं शिजवा, मध किंवा मिरची, आवडेल ते. नाचणीच्या आंबिलीसारखं पण आंबट नाही. चिया पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून मध घातला की दुसरं पेय, फक्त सब्जा आणि चिया एक नाहीत हे लक्षात घ्या, सब्जा हे तुळशीच्याच एका जातीचं बी, आणि दिसायला फसवतो.

काकाओ हे साध्या माणसाचं पेय नव्हतं. तो त्यांच्या थंड पठारावर पिकतच नव्हता, शोकोनोच्को सारख्या दूरच्या उष्ण मुलखातून यायचा, बिया बाजारात चिल्लर म्हणून चालायच्या, आणि प्यायचा मान सरदार, योद्धे आणि मोठ्या व्यापाऱ्यांना. भाजलेल्या काकाओ बिया सोलून, एक सुकी मिरची आणि थोडं व्हॅनिला घालून बारीक वाटा, गार पाण्यात कालवा, दूध नाही, साखर नाही, आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत राहा, फिल्टर कॉफीला फेस काढतात तसा. फेस आला नाही तर ते पेय हलकं समजलं जायचं. कडू लागेल, पहिल्या घोटात आवडेलच असं नाही, पण चॉकलेट सुरू कुठून झालं ते जिभेला कळतं.

जागा असेल तर: मिल्पा, म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात

गच्चीवर मोठे वाफे किंवा घरामागे दहा बाय दहा फूट जागा असेल तर जूनमध्ये पाऊस स्थिरावला की हे करा. दोन-अडीच फुटांवर छोटे उंचवटे, प्रत्येकात चार दाणे मक्याचे. मका वीतभर झाला की त्याच्या बुडाशी वेलीचा घेवडा टोका, झुडपी जात नको, ती चढत नाही. आणखी आठवड्याने कडेकडेला लाल भोपळ्याच्या दोन-तीन बिया, जास्त नको, भोपळा सगळं व्यापतो. घेवड्याला मक्याचा आधार, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात, भोपळ्याची पानं जमीन झाकतात म्हणून तण कमी आणि ओल टिकते. ज्वारीत तुरीचे पाटे टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कणसं झाडावरच वाळू द्या, ओली तोडू नका, आणि सगळ्यात भरलेली दोन कणसं बियाण्याला बाजूला काढून आढ्याला टांगा. तिकडेही वसंतातल्या सणात पोरी बियाण्याची कणसं पाठीवर बांधून चिकोमेकोआत्ल या मक्याच्या देवीच्या देवळात न्यायच्या आणि मगच ती पेरायला घरी यायची.

पहिल्यांदा करणार असाल तर सगळं एका दिवशी काढू नका. शुक्रवारी रात्री मका चुन्यात, शनिवारी पोळ्या, चटणी आणि घेवडा, उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, रविवारी सकाळी त्याची आतोली आणि दुपारी तामाली. तिसऱ्या दिवशी पीठ आंबायला लागतं, वास आला तर वापरू नका. आणि शुक्रवारी मका पातेल्यात घालताना एक फुंकर मारा, मी मारतो.